बशीतल्या पितळी कड्या

१

चोराने कापड नेलं होतं आणि कड्या मागे ठेवल्या होत्या.

पितळी कड्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. वेदीसमोर मेणबत्तीची पांढरी बशी होती, तिच्यात त्या एकावर एक नीट रचलेल्या. वर भिंतीवर काल संध्याकाळपर्यंत लोकरवाल्यांचं लाल कापड टांगलेलं होतं. आता तिथे नुसता फिकट चौकोन उरला होता. इटलीतलं अख्खं प्रातो शहर त्या कापडाची शपथ खाई. पूर्वी म्हणे त्यावर हात ठेवल्याशिवाय लोकरीचा सौदाच होत नसे.

"पाचशे वर्षं, फोस्का! पाचशे वर्षं टिकलं, आणि माझ्याच कारकिर्दीत जायचं होतं!" इथले फादर, डॉन इलारियो, म्हणाले. म्हणजे तसं म्हणायचा त्यांनी प्रयत्न केला. उद्या सान ब्याजोचा सण. घसा सांभाळणारा संत. गावातले सगळे गळे उद्या फादरांच्या हातून आशीर्वाद घेणार, आणि फादरांचा स्वतःचा घसा तीन दिवस बसलेला.

फोस्का बेत्तारिनी नगर पोलिसात होती. उन्हाळ्यात निवृत्त होणार होती. हातमोजे काढत तिने विचारलं, "काराबिनिएरी पोलिसांना कळवलंत?"

"त्यांना बोलावलं की पाठोपाठ पेपरवाले येतात. तुला बोलावलं की तू एकटीच येतेस."

"कौतुक आहे की काय हे?"

"गरज आहे," फादर म्हणाले.

गरज फोस्कालाही ठाऊक होती. दुपारी चार वाजता फ्लॉरेन्सहून जुन्या वस्त्रांच्या एक जाणकार बाई येणार होत्या. त्यांनी कापड अस्सल ठरवलं की हे प्रार्थनाघर, शेजारची कापड कुटायची पाणगिरणी, गिरणीचा मनोरा, सगळी वास्तू जपली जाणार होती. तिचं संग्रहालय होणार होतं. नाही ठरवलं तर नगरपालिका ती आर्किटेक्ट लोत्तिनीला विकणार, आणि जिथे सातशे वर्षं लाकडी घण लोकर कुटत होते तिथे मोटारी उभ्या राहणार.

दाराशी मेइयान उभी होती. हू मेइयान, इथली राखणदार. जन्म प्रातोचाच, बोलणं इतकं गावठी की फ्लॉरेन्सच्या माणसाला निम्मं कळू नये. वडिलांच्या कारखान्यात मशीनवर कॉलर शिवायचं सोडून तिने ही नोकरी धरली होती. संग्रहालय झालं तर ती कायम होणार होती. चाव्यांचा जुडगा तिने मुठीत इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

"कुलूप फोडलेलं नाही," मेइयान आपणहून म्हणाली. "चाव्या तिघांकडे. फादर, लोकरवाल्यांच्या संघाचे प्रमुख गुआर्दुच्ची साहेब आणि मी. आता लोक काय म्हणणार ते मला सांगायला नको, बाई."

फोस्का मेणबत्तीच्या बशीजवळ गेली. तिने नाक वर केलं आणि हवा हुंगली. मेण, ओल, जुनं लाकूड. आणि त्याखाली आणखी एक वास, फार ओळखीचा.

इथे कुणीतरी केस जाळले होते.

२

"माझे तर नाहीत," डॉन इलारियोंनी टकलावरून हात फिरवला.

"तुमचा चिरूट?"

"घसा बसल्यापासून हात लावलेला नाही. हवं तर संताला विचार."

फोस्काने मेणबत्तीखालचं मेण नखाने खरवडलं. त्यात चिमूटभर राख होती, आणि राखेशेजारी एक काळा मणी, मोहरीएवढा. तिने तो बोटांत चिरडून पाहिला. राखेची भुकटी झाली. मणी मात्र दगडासारखा टणक राहिला.

"मेइयान, इकडे ये गं. हे काय आहे, सांग."

मेइयानने पाहिलं, हुंगलं, आणि तिचा चेहरा उतरला. "कुणीतरी धागा जाळून पाहिलाय. लोकर जळली की केसांसारखा वास येतो आणि तिची राख होते. नायलॉन जळत नाही, वितळतं. त्याचा असा मणी होतो. आमच्या कारखान्यात माल आला की बाबा पहिलं हेच करतात."

"तुमच्याच कशाला, या गावात ज्याच्या खिशात काडेपेटी आहे तो प्रत्येक जण हेच करतो," फोस्का म्हणाली. "माझी आई तर माझ्या लग्नाच्या झग्यालाही काडी लावून बसली होती."

"मग धागा कापडाचा असेल तर..." मेइयान थांबली.

"बोल की."

"तर त्यात नायलॉन होतं."

डॉन इलारियो मटकन बाकावर बसले. नायलॉन पाचशे वर्षांपूर्वी नव्हतं. त्यांच्या आजोबांच्या लहानपणीही नव्हतं. ज्या कापडापुढे गाव गुडघे टेकत आलं ते कापड कुणीतरी अलीकडेच विणलेलं होतं.

"हे बाहेर कुणापुढे बोलू नकोस," फोस्काने मेइयानला बजावलं. "राखणदारीणच धागे ओळखते म्हटल्यावर लोक अजून चेकाळतील."

"कापडाला मी कधी हातही लावलेला नाही. लोकरवाल्यांच्या घरचं माणूसच ते उचलतं. संघाचा नियम आहे. मी खालची फरशी पुसते."

"आणि तू एकटीने उचलणार कशी?" फादर कळवळून म्हणाले. "दरवर्षी सणाला मनोऱ्यावर चढवताना दोन गडी लागतात. संतासमोर शिव्या देतात मेले. इतकं जड धूड!"

फोस्काने मणी रुमालात बांधला. तिला एकच प्रश्न पडला होता. चोर आधी पारख करतो, समजण्यासारखं आहे. पण माल खोटा निघाल्यावर तो उचलून नेणारा चोर तिने उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

३

आर्किटेक्ट ब्रान्दो लोत्तिनी कॅथेड्रलसमोरच्या कॅफेत बसला होता. समोर हिरव्यापांढऱ्या पट्ट्यांची भिंत उन्हात आली होती. कोपऱ्यावरच्या उघड्या सज्जाखाली कबुतरं भांडत होती. लोत्तिनी कॉफीत बदामाचं बिस्किट बुडवत होता, आणि बातमी त्याच्यापर्यंत कधीच पोचली होती.

"या इन्स्पेक्टरबाई! बेड्या आणल्यात ना?"

"बिस्किट संपवा आधी. काल दुपारी प्रार्थनाघरात काय करत होता?"

"मोजमाप. माझ्या भावी पार्किंगचं." तो मोकळेपणाने हसला. "अहो, मी कशाला चोरू? मला ते कापड आज तिथेच हवं होतं. फ्लॉरेन्सच्या बाईने भिंग लावलं असतं आणि दोन मिनिटांत माझं काम झालं असतं."

"म्हणजे खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."

"डोळे आहेत मला. इतक्या जुन्या लोकरीला असा गुबगुबीतपणा राहतो का? परवा इथेच वास्को गुआर्दुच्चीला तसं म्हणालो, तर त्याने कप आपटला. माझा शर्ट गेला. 'माझ्या बापाने जन्मभर सांभाळलंय ते,' म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, मग बापाला विचार."

"नेल्लो गुआर्दुच्चीला जाऊन वीस वर्षं झाली."

"म्हणूनच तर शर्टाचे पैसे मागितले नाहीत."

फोस्का हसली, पण मनातल्या मनात तिने लोत्तिनीचं नाव खोडून टाकलं. कापड नाहीसं होऊन निकालच लांबला होता, म्हणजे याचं नुकसानच झालं होतं. म्हणजे नेणाऱ्याला ते विकायचं नव्हतं. फ्लॉरेन्सच्या बाईच्या नजरेला ते पडू द्यायचं नव्हतं, एवढंच. या वास्तूवर जीव असलेल्या माणसाचं काम होतं ते. असे जीव लावणारे तिघेच होते, आणि तिघांकडेही चाव्या होत्या.

लोत्तिनीने तिचा चेहरा वाचला असावा. "बाई, सरळ हिशोब करा. कापड खोटं ठरलं तर सगळ्यात जास्त कुणाचं जातं? फादरांना दुसरं चर्च मिळेल. वास्कोचं गोदाम आहे. ती पोरगी मात्र पुन्हा कॉलर शिवायला बसेल."

४

हे म्हणणारा लोत्तिनी एकटा नव्हता. फोस्का परतली तेव्हा प्रार्थनाघराबाहेर लोक जमले होते, आणि 'ती चिनी' हे दोन शब्द त्यांच्यात फिरत होते. मेइयान तिथेच, त्यांच्या देखत, पायऱ्या झाडत होती. फोस्काला मनापासून राग आला. याच लोकांनी गेल्या वर्षी मेइयानकडून आपल्या नातवंडांना पाणगिरणीच्या गोष्टी सांगून घेतल्या होत्या.

आत वास्को गुआर्दुच्ची रिकाम्या भिंतीकडे पाठ करून बसला होता. जुन्या चिंध्या पिंजून पुन्हा लोकर करायच्या गोदामाचा मालक, लोकरवाल्यांच्या संघाचा प्रमुख. एका हाताने दुसरा खांदा चोळत होता. फोस्काचा बाप त्याच्या बापाच्या गोदामात चिंध्या निवडायचा. दोघं त्याच ढिगांवर लोळून मोठी झाली होती.

"खांद्याला काय झालं रे?"

"म्हातारपण. तुलाही येईल, घाई करू नकोस."

"काल रात्री कुठे होतास?"

"घरी. सूप प्यायलो, टीव्हीसमोर झोपलो. बायकोला विचार. ती तर म्हणते, मी जागेपणीही झोपलेलाच असतो."

फोस्का त्याच्याजवळ टेकली. "तुझा बाप असता तर काय म्हणाला असता?"

वास्कोने खांदा चोळायचं थांबवलं. "जाताना एकच गोष्ट बोलला होता. 'त्या कापडाला कुणाला कधी कात्री लावू देऊ नकोस.' बस्स. पोरंबाळं, गोदाम, कशाची आठवण नाही."

"नेल्लोकाकांचे हात आठवतात मला. डोळ्यांवर फडकं बांधून बसायचे आणि नुसतं चाचपून सांगायचे. ही स्कॉटलंडची, ही अमेरिकन सैनिकाच्या कोटाची, ह्यात एक धागा नायलॉन, टाक बाहेर."

"एक धागा सुटायचा नाही." वास्को हसला, पण हसू ओठांपुरतंच. "लहानपणीच्या त्या मोठ्या पुरानंतर माझा लाल स्वेटर गायब झाला, आठवतं? नायलॉन मिसळलेला, तेव्हाची नवी फॅशन. मी आठवडाभर रडलो. आई म्हणाली, कसर लागली, टाकून दिला. लोकरवाल्याच्या घरात कसर! तेव्हाच समजायला हवं होतं, घरचेही खोटं बोलतात."

बाहेरून कुणाचा तरी आवाज आला. "चाव्या काढून घ्या तिच्याकडून!"

वास्को दचकला. "कुणाकडून? मेइयानकडून? का?"

"का म्हणजे? कापड तिनेच नेलं म्हणतात. तुला काय वाटलं, संताने नेलं म्हणतील?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला, टोपी चाचपली, ती डोक्यावरच होती. "मला जायला हवं. आज यंत्रावर लाल माल लावायचाय. दुपारनंतर सुरू करतील पोरं." आणि मेइयानकडे न बघता तो पायऱ्या उतरून गेला.

थोड्याच वेळात मेइयानचे वडील आले. गर्दीतून वाट काढत, कुणाकडे न बघता. लेकीशी हळू आवाजात चार वाक्यं बोलले. मेइयानने झाडू भिंतीला लावला, आत आली आणि चाव्यांचा जुडगा फोस्काच्या हातात ठेवला.

"बाबा म्हणतात, पुरे झालं. मशीन रिकामंच आहे, घरी चल." तिचा आवाज स्थिर होता, डोळे नव्हते. "लोहाराने ठोकलेली मोठी चावी गिरणीची आहे. तिला तेल लागतं. जो येईल त्याला सांगा."

५

फोस्का चाव्या हातात घेऊन उभी राहिली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत तिला इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं.

"थांब जरा," ती मेइयानला म्हणाली. "जाण्याआधी एक सांग. या कड्या बघ आणि जे मनात येईल ते बोल."

मेइयानने बशीतली एक कडी उचलली. "एकेक धागा कापून काढलीय. ओरबाडलेली नाही. चांगली घटकाभर बसून केलेलं काम आहे हे." ती गोंधळली. "पण का? कड्यांसकट गुंडाळून न्यायचं की. जुन्या कड्या असल्या तर जास्तच किंमत येईल. आमच्याकडे हुक, बटणं, कड्या सगळं शेवटी लावतात. काढत कुणीच नाही."

"तुमच्याकडे काढत नाही," फोस्काने तेच शब्द पुन्हा उच्चारले.

आणि तिला तिची आई दिसली. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर कुणाचातरी जुना कोट, आईच्या हातात छोटा वाकडा चाकू. आधी बटणं. मग हुक, मग बक्कल. सगळं एका बशीत. आई तोंडाने शेजारणीशी गप्पा मारायची आणि हात आपले चालूच. जुना कपडा गोदामात जायच्या आधी त्यावर धातूचा कणही ठेवायचा नसतो. एक बटण राहिलं तर यंत्राचे दात मोडतात. ठिणगी पडली तर अख्खं गोदाम पेटतं. चिंध्यांच्या घरात वाढलेल्या पोराला हे आधी येतं, चालायला मग.

फादर म्हणजे लुक्का गावच्या एका बेकरीवाल्याचे चिरंजीव. मेइयान शिवणाऱ्यांची लेक. चाव्या असलेल्या तिघांत चिंध्यांचे हात एकाचेच होते. त्याने ते जाणूनबुजून केलंही नसेल. चोरी करतानाही हातांनी आपलं काम केलं होतं.

पण कड्या आणखी एक गोष्ट सांगत होत्या, आणि ती ध्यानात आली तशी फोस्का दाराकडे धावली. धातू काढतात ते कपडा लपवायचा असतो म्हणून नव्हे.

तो पिंजायच्या यंत्रात घालायचा असतो म्हणून. आणि यंत्रावर आज लाल माल होता.

"मेइयान! गाडी आहे ना तुझ्या बाबांची? चल, बस!"

६

गोदाम नदीपलीकडे होतं. तटाच्या भिंतीला वळसा घालून मेइयानच्या वडिलांनी ती छोटी व्हॅन अशी हाणली की फोस्काने दोनदा क्रुसाची खूण केली आणि एकदा दंडाची आठवण करून दिली. दाराशी उतरले तेव्हा आतून यंत्राची घरघर ऐकू येत होती.

निळा ढीग, करडा ढीग, हिरवा ढीग. प्रत्येक छपरापर्यंत गेलेला. शेवटी लाल. यंत्र सुरू होतं, पट्टा फिरत होता, पण पट्टा रिकामा होता. कामगार बाहेर पाठवलेले. लाल ढिगाच्या पायथ्याशी वास्को बसला होता, मांडीवर कापड घेऊन.

फोस्काने भिंतीवरचं बटण दाबलं. घरघर थांबली.

"टाकवत नाही गं," वास्को म्हणाला. "आल्यापासून दोनदा पट्ट्यावर ठेवलं आणि उचललं."

"का नेलंस?"

"त्या लोत्तिनीच्या बोलण्याने झोप उडाली. काल जाऊन एक धागा जाळला. मणी झाला. माझ्या बापाने गावाला फसवलं, फोस्का! पूर आला, अस्सल कापड कुजलं असणार, आणि त्याने हे विणून टांगलं. मरतानाही त्याला धाक एकच, कुणी कात्री लावेल आणि पितळ उघडं पडेल." त्याने मेइयानकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. "म्हटलं, चोरी झाली असं होईल. बाहेरचा कुणी चोर म्हणतील, विसरतील. तुझ्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही, पोरी. आणि आलं तेव्हा मी तिथून पळून आलो."

मेइयानने मान दुसरीकडे वळवली. तिच्या जागी फोस्का असती तर बरंच बोलली असती.

"झालं तुझं? आता माझं ऐक," फोस्का म्हणाली. "तुझा बाप डोळे बांधून नायलॉनचा एक धागा ओळखायचा. तूच सांगितलंस. मग त्याने स्वतः विणलेल्या कापडात नायलॉन राहिलंच कसं?"

वास्कोने वर पाहिलं.

"चुकून राहिलं नाही. घातलं. ज्याला लोकांना फसवायचंय तो निवडून निवडून जुनी लोकर घेईल. नायलॉन घालतो तो माणूस, ज्याला उद्या कुणीही काडी लावून ओळखावं असं वाटतं, की हे नवं आहे. तुझ्या बापाने गावाला फसवलं नाही, वास्को. त्याने खूण ठेवली. गावाने कधी काडी लावलीच नाही, त्याला तो काय करणार?"

"पण खूण कशासाठी? नवं टांगायचंच कशाला?"

"ते तुझ्या खांद्याला विचार." फोस्काने कापडाचं टोक उचललं आणि ते त्याच्या हातात दिलं. "तू गासडी नुसती हलवून वजन सांगतोस. या मापाच्या एकेरी लोकरीचं वजन इतकं असतं का?"

वास्कोने कापड तोललं. इतकी वर्षं ते तो देवाचं म्हणून उचलत आला होता. माल म्हणून आज पहिल्यांदा तोलत होता. त्याचे ओठ हलले. "दुप्पट आहे. जवळजवळ दुप्पट."

"आणि बाप काय म्हणाला होता? कात्री लावू देऊ नकोस. का, ते तू तुझ्या भीतीने ठरवलंस."

वास्कोने खिशातून वाकडा चाकू काढला. पातं कापडाच्या कडेला लावलं आणि तसंच मागे घेतलं. तेव्हा मेइयान पुढे झाली. चाकू तिने परत त्याच्या खिशात घातला.

"हे पात्याचं काम नाही, साहेब." आपल्या पिशवीतून तिने शिवण उसवायची बारीक आकडी काढली, कापडाच्या कडेची शिवण बोटाने चाचपली आणि एकेक टाका वर उचलू लागली. नियम मोडत होता. कुणी तिला अडवलं नाही.

वितीएवढी कड उघडली. आत दुसरं कापड होतं. पातळ, जागोजागी विरलेलं, पुराच्या पाण्याचा एक लांब डाग पडलेलं. लाल रंग जुन्या विटेसारखा झालेला. कोपऱ्यात विणलेलं छोटं कोकरू, लोकरवाल्यांचं. नेल्लोने ते सगळीकडून बारीक टाके घालून नव्या कापडावर बसवलं होतं, दुसरी बाजू अस्तराने झाकली होती. कुजायच्या वाटेवरची वस्तू त्याने उबेत ठेवली होती.

वास्कोने सुटून आलेला एक धागा उचलला आणि काडी ओढली. केसांचा वास आला. राख त्याने अंगठ्याने चिरडली. भुकटी झाली, सगळीच्या सगळी. मणी कुठे नव्हता.

"वेडा म्हातारा," तो म्हणाला आणि ढिगावर बसून लहान मुलासारखा रडला.

वरच्या कापडावरून हात फिरवता फिरवता त्याची बोटं एके ठिकाणी थांबली. तिथला लाल बाकीच्याहून थोडा झगझगीत होता. पुरानंतर गावात लाल चिंध्या आणायच्या कुठून? नेल्लोने घरापासून सुरुवात केली होती.

"फोस्का," वास्को म्हणाला, "कसर लागली नव्हती."

७

फ्लॉरेन्सच्या बाई चार वाजता आल्या. भिंग लावून त्या बराच वेळ वाकून राहिल्या. मग चष्मा काढून त्यांनी एवढंच विचारलं, "हे सांभाळलं कुणी?" फ्लॉरेन्सच्या माणसाने प्रातोत येऊन काही कौतुकाने विचारावं, हाच डॉन इलारियोंच्या मते त्या संताचा या वर्षीचा चमत्कार. जुनं कापड इथेच राहावं, याच भिंतींत, असं त्या लिहून देणार होत्या. लोत्तिनीनेही ते मुकाट ऐकलं, आणि नंतर फोस्काला म्हणाला की मोटारी काय, कुठेही लावता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोऱ्याखाली गाव जमलं. वास्को पायरीवर चढला. भाषण वगैरे त्याला येत नव्हतं.

"कापड मी नेलं होतं," तो म्हणाला. "मेइयानने नाही. मी. काल तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी तिचं नाव घेतलं त्यांनी आज तिच्यापुढे टोपी काढायची. माझी ही काढली."

टोप्या निघाल्या. काही पटकन, काही उशिरा. मेइयानचे वडील मागे उभे होते. ते सगळं बघत होते, अगदी शेवटच्या टोपीपर्यंत.

मग नेल्लोचं कापड वर चढवायची वेळ झाली. अस्सल आत पेटीत निजलं होतं. उन्हावाऱ्यात जाणार होतं ते हेच. रात्री मेइयानने पितळी कड्या पुन्हा त्याला शिवल्या होत्या. वास्कोने एक टोक दुखऱ्या खांद्यावर घेतलं आणि संघाच्या माणसांकडे न बघता हाक मारली, "मेइयान, दुसरं टोक धर."

गर्दीत चुळबुळ झाली. संघातला एक म्हातारा खाकरला. "वास्को, नियम आहे. लोकरवाल्यांच्या घरचं माणूस हवं. भेसळ नको."

"भेसळ?" वास्को वळला. "या कापडात माझा नायलॉनचा स्वेटर आहे. बापाने स्वतःच्या हाताने घातलाय. तुम्ही साठ वर्षं त्यापुढे गुडघे टेकताय. सांगा आता, नियम काय आहे?"

सगळ्यात आधी डॉन इलारियो हसले, फाटक्या आवाजात. मग बाकीचे. तो म्हातारा शेवटी हसला, पण हसला.

फोस्काने चाव्यांचा जुडगा मेइयानच्या खिशात टाकला, कारण तिचे दोन्ही हात कापडात गुंतले होते. "मोठ्या चावीला तेल लावलंय," ती म्हणाली.

दोघं मनोऱ्याच्या जिन्याने वर गेली. खिडकीत आधी वास्को दिसला, मग मेइयान. कड्या एकेक करून खिळ्यांवर चढल्या आणि लाल कापड जुन्या दगडांवरून खाली उलगडत आलं. वारा होता. मेइयानने खालची गर्दी पाहिली, शेवटची कडी खिळ्यावर टेकवली आणि ओरडली, "फार जड जड म्हणत होता की हो सगळे! दरवर्षी उगाच शिव्या देत होता!"

"आता हलकं झालंय," वास्को म्हणाला, आणि खिडकीतून मागे सरकून त्याने तिला पुढे उभं राहू दिलं.